टायरवाल्यांचे शुक्रवार

आखातातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या चाचांना दोन गोष्टींचा भयंकर तिटकारा होता. एक, गार झालेला बिनदुधाचा सुलेमानी चहा. दुसरी, इंग्रजी समजणारी मुलं. चहा ते सरळ बेसिनमध्ये ओतायचे. मुलं ओतून देता येत नाहीत म्हणून आम्हाला सगळ्यात मागे, चपलांच्या स्टँडपाशी बसवायचे. मी तिथे इतके शुक्रवार काढलेत की कुठेही चपलांचा वास आला की मला आधी हसू येतं. नवऱ्याला हे अजून पचलेलं नाही.

शुक्रवार म्हणजे टायरवाले. जुम्म्याची नमाज, मग जेवण, मग झोप, आणि उन्हं कलली की चाचांच्या हॉलमध्ये अख्खी बिल्डिंग गोळा व्हायची. बिल्डिंग म्हणजे तिच्यातली मराठी बोलणारी माणसं. रत्नागिरीची, श्रीवर्धनची, आम्ही चिपळूणचे आणि एक नागपूरचं जोडपं, जे कशालाच हसत नसे पण सांदणं खायला न चुकता हजर असे. चाचींच्या हातची सांदणं होतीच तशी. सगळ्यांना बशा मिळाल्या की चाचा एक जुनी व्हिडिओ कॅसेट लावायचे. अमेरिकेतली मालिका, तिकडच्या काळ्या माणसांच्या एका कुटुंबाची. नवरा टायरच्या दुकानात कामाला, बायको हॉस्पिटलात नर्स, तीन मुलं आणि घरातही हॅट घालून वावरणारी आजी. जे काही घडायचं ते एकाच हॉलमध्ये, एकाच सोफ्यावर, आणि दर दोन वाक्यांनी न दिसणारे लोक खदाखदा हसायचे. मालिकेचं खरं नाव कुणी घेत नसे. आमच्यासाठी ते टायरवाले.

आता गंमत अशी की आवाज बंद असायचा. बायकांना इंग्रजी समजत नाही, हे चाचांनी दिलेलं कारण. म्हणून टीव्ही म्यूट करून सगळ्यांचे संवाद तेच बोलायचे. नवऱ्याचे, बायकोचे, हॅटवाल्या आजीचे, सगळे मराठीत, रत्नागिरीच्या हेलात. उजव्या हाताचा अंगठा कायम रिमोटच्या म्यूटवर. संवाद संपला की अंगठा दाबायचे, हशा खोलीत यायचा, हशा ओसरला की पुन्हा अंगठा, पुन्हा शांतता, पुन्हा चाचा. हशा कधी येतो हे त्यांना तोंडपाठ होतं. त्याच्या आधी आपलं वाक्य बरोबर संपवायचं ही त्यांची कला. मी आजवर पुष्कळ नाटकं पाहिली, पण तसं टायमिंग पाहिलं नाही.

संवाद मात्र सगळे खोटे. म्हणजे अमेरिकेतले नव्हेतच, बिल्डिंगमधले. चाचांचं टायपिंग सेंटर होतं, व्हिसाचे अर्ज अरबीत टाइप करून देण्याचं दुकान. नोकरी लागलेला तिथे यायचा, गेलेला यायचा, बायको आणायची असलेला आणि पाठवायची असलेलाही तिथेच यायचा. चाचांची बोटं टाइप करायची आणि समोरचा माणूस स्टुलावर बसून आपलं सगळं ओकायचा. ते ऐकून ठेवलेलं चाचांनी कधी कुणाला तोंडाने सांगितलं नाही. पण पोटातही राहत नसे. मग शुक्रवारी ते टायरवाल्यांच्या घरात निघायचं. कुणाचा मुलगा गणितात नापास झाला की टायरवाल्यांची धाकटी भूगोलात नापास. कुणाची सासू तीन महिन्यांच्या व्हिजिटवर येऊन मुक्काम ठोकून बसली की हॅटवाल्या आजीने अचानक जायचं नाव काढणं बंद केलं. नाव नाही, मजला नाही, बाईचा पुरुष केलेला आणि पुरुषाची बाई. कुणाला काही म्हणायची सोय नव्हती. तरी आम्हा मुलांना ओळखायची एक युक्ती सापडली होती. सगळ्यात मोठ्याने जो हसेल, घर त्याचं. आपल्यावर नाही हे दाखवायला बिचारा छत फाटेल इतकं हसायचा.

हा अंगठा पुढे चाचांच्या अंगातच भिनला. रिमोट हातात नसला तरी चालायचा. कुणी म्हणालं की मॅनेजरने सांगितलंय, इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात प्रमोशन, की चाचा त्याच्या तोंडाकडे बघत हवेत अंगठा दाबायचे. हशा कुणालाच ऐकू येत नसे, पण समोरचा ओशाळून गप्प व्हायचा. माझ्या भावाने एकदा सांगितलं की या टर्मला खूप अभ्यास करणार, तेव्हा त्यांनी दोन्ही अंगठे दाबले.

कॅसेटचं खोकं त्यांना एका गिऱ्हाइकाकडून मिळालं होतं. इथे शाळेत शिकवणारा एक काळा अमेरिकन मास्तर. देश सोडून निघाला, व्हिसा कॅन्सल करायला आला आणि जाताना खोकं स्टुलावर ठेवून गेला. तो म्हणाला होता म्हणे, लहानपणी घरात वाईट दिवस आले की आई आम्हाला बसवून हे लावायची. चाचा म्हणाले, मग आम्हाला रोज लावावं लागेल, हबीबी.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंना या मालिकेबद्दल एक तक्रार होती. एकदा त्या म्हणाल्या, एवढी चॅनेलं आहेत, ही काळी माणसं कशाला बघायची? काकू स्वतः, आमच्याकडे म्हणतात तसं, सावळ्या. म्हणजे चांगल्या काळ्या. आम्ही सगळेच. चाचांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे विचारलं, "वहिनी, घरात आरसा आहे ना?" काका सोडून सगळे हसले. मग चाचांनी एरवी कधी करत नसत ते केलं, कॅसेट थांबवली.

"आपण परक्या मुलखात आहोत म्हणून तोंड सांभाळून असतो," ते म्हणाले. "आपल्याला निदान गाव आहे. हे बिचारे स्वतःच्या देशात व्हिसावर असल्यासारखे राहतात. बाहेर सगळ्यांना यस सर करायचं आणि दार लावलं की मग खरं बोलायचं. हे आपल्या घरासारखं नाही, तर कुणाच्या घरासारखं आहे गो?"

काकूंनी बशीतलं सांदण संपवलं. त्या पुढच्या शुक्रवारीही आल्या, सांदणं असल्यामुळे असेल.

याच काका-काकूंचा तो प्रसिद्ध भाग. टायरवाल्याची नोकरी जाते, पण तो घरी सांगत नाही. रोज सकाळी युनिफॉर्म घालून, डबा घेऊन निघतो आणि दिवसभर बागेत बसतो. बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तरी ती रोज डबा भरून देते आणि संध्याकाळी विचारते, आज किती टायर बसवले? तोही सांगतो, आज जरा जास्तच होते. चाचा नवऱ्याचं आणि बायकोचं, दोन्ही इतक्या हळू बोलत होते की आम्ही मागची मुलं पुढे सरकलो. आणि काका हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काकू आधी टीव्हीकडे बघत होत्या, मग काकांकडे बघायला लागल्या. त्या संध्याकाळी त्यांच्या घरात काय झालं ते भिंतींनी सगळ्या मजल्यांना ऐकवलं. काकांची नोकरी जाऊन महिना उलटला होता आणि ते रोज टाय लावून मॉलमध्ये जाऊन बसत होते.

बिल्डिंग चाचांवर भडकली. हे म्हणजे अति झालं, असं सगळ्यांचं मत पडलं. चाचा कुराणाची शपथ घ्यायला तयार होते की हा माणूस माझ्या दुकानाची पायरी चढला नाही, मला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी त्यात एक शब्द पदरचा घातलेला नाही. कुणाचा विश्वास बसला नाही. माझी आई तर म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा. काकांना नंतर दुसरी नोकरी लागली, ते वेगळं.

आणि मग आमचा नंबर लागला.

बाबा मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. आठवडाभर तिकडे कंपनीच्या कॅम्पात राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचे. बाबा बोलत नसत. हुंकार देत. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही आणि लांब हुंकार म्हणजे आईला विचारा. त्या वर्षी वर्कशॉपला काम नव्हतं. निम्मी माणसं घरी पाठवली, बाबांची नोकरी राहिली पण पगार कापला आणि फ्लॅटचं भाडं कंपनी देत होती ते बंद केलं. बाबांनी यावर एकट्याने विचार केला, एकट्याने निर्णय घेतला आणि एका गुरुवारी घरी येऊन टेबलावर तीन तिकिटं ठेवली. आई, मी आणि भाऊ. शाळा संपली की चिपळूण, कायमचं. ते स्वतः कॅम्पात राहतील. मग त्यांनी जेवायला काय आहे ते विचारलं.

आई त्यांच्याशी बोलायची थांबली. माझी आई, जी भाजीवाल्याशी दिरहॅमचे रुपये करून दोन देशांच्या भावात भांडायची, ती गप्प झाली. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. चिपळूणला जायची भीती नव्हती. पण आई-बाबा बोलले नाहीत तर पुढे कधी बोलतील? वर्षातून एक महिना सुट्टीला येणाऱ्या बापांची घरं मी गावी बघितली होती. तिथे बाप आला की मुलं पाहुणा आल्यासारखी नीट बसतात.

बाबा चाचांच्या स्टुलावर जाऊन बसले असणार. कारण दुसऱ्याच दिवशी टायरवाला बायकोला म्हणाला, तुम्ही जा गावाला, माझं काय, मी एकटा मजेत राहीन, अंडी उकडता येतात मला. अंगठा. हशा. बायकोने सोफ्याची उशी उचलली. ती म्हणाली, जाते, पण ही उशी घेऊन जाते, रात्री हिच्याशी तरी बोलता येईल. अंगठा. हशा. सगळे हसत होते. आईने बशी खाली ठेवली आणि उठून निघून गेली. चप्पलसुद्धा घातली नाही, ती मी नंतर वर नेली. खोलीत असं काही झालं की चाचांनी अंगठा दाबला तरी हशा कुणाला ऐकू गेला नाही.

चाची त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. डाळ-भात वाढायच्या तोही गार. म्हणजे आता दोन मजल्यांवर दोन बायका गप्प आणि दोन पुरुष हवालदिल.

पुढच्या शुक्रवारी आई जाईल असं कुणालाही वाटलं नव्हतं. तिने दुपारी केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसली आणि मला आणि भावाला म्हणाली, यल्ला, चला. बाबा मागून आले. आई पुढच्या रांगेत, बरोबर टीव्हीसमोर बसली. बाबा दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, पळायला सोपं जाईल अशा जागी. चाचांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मुद्दाम एक निरुपद्रवी भाग लावला, ज्यात नवरा-बायको सोफ्यावर बसून नुसते बोलत असतात, आणि पाण्याचा नळ गळतोय असं काहीतरी सुरू केलं. प्लंबर येतो म्हणाला होता, आला नाही, वगैरे.

पडद्यावर बायकोने तोंड उघडलं. चाचांनीही उघडलं. पण बोलली ती आई.

"नळाचं नंतर," ती टीव्हीकडेच बघत म्हणाली. "मला विचारलं होतंत का?"

चाचा गोंधळले. नवऱ्याच्या आवाजात चाचरत म्हणाले, त्यात विचारायचं काय, नळ आहे...

"भाईसाहेब, तुम्ही गप्प बसा. ज्याचा संवाद आहे त्याला बोलू द्या."

कुणीही मागे वळून बघितलं नाही. सगळे टीव्हीकडे बघत होते. पडद्यावर टायरवाल्याचे ओठ हलायला लागले होते. तो काहीतरी मोठं, लांबलचक बोलत होता आणि खोलीत आवाज नव्हता. ते फार भयंकर होतं. समोर एक माणूस जीव तोडून बोलतोय आणि काहीच ऐकू येत नाही. कुणाला तरी बोलावंच लागणार होतं.

दाराजवळून बाबांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"एका खोलीचंच भाडं परवडेल," ते म्हणाले. "अजमानला. किचनसुद्धा दुसऱ्यांबरोबर. तुम्हाला तसं ठेवायची मला लाज वाटते."

मी बाबांच्या तोंडून एवढी वाक्यं सलग कधी ऐकली नव्हती. पडद्यावर बायको नवऱ्याकडे वळली. आईही वळली, पण टीव्हीवरच्या नवऱ्याकडे.

"वाटू दे की लाज," आई म्हणाली. "तीही राहील एका कोपऱ्यात. तेवढी जागा होईल खोलीत."

आणि चाचांचा अंगठा दाबला गेला. मला शपथेवर सांगता येईल, हशा अगदी त्या वाक्याच्या शेवटच्या अक्षराला चिकटून आला. शंभर अमेरिकन माणसं माझ्या आईच्या वाक्यावर हसली. मग हॉल हसला. नागपूरचं जोडपं हसलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडत होती, आणि बाबांनी एक लांब हुंकार दिला, ज्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे.

तिकिटं रद्द झाली. आम्ही अजमानला एका खोलीत राहायला गेलो आणि ते दिवस काही गोड वगैरे नव्हते. एकाच गॅसवर दोन घरांचा स्वयंपाक, एकच बाथरूम, भाऊ झोपेत लाथा मारायचा आणि आई दर दोन दिवसांनी ओरडायची की मेली कुठून दुर्बुद्धी झाली आणि तिथे तोंड उघडलं. पण गुरुवारी बाबा आले की आम्ही नीट बसत नसू. त्यांच्या अंगावर पडत असू.

चाचा आईवर फार दिवस रागावून होते. त्यांचं म्हणणं, वहिनींनी माझा एपिसोड खाल्ला.

हे सगळं आज सांगायचं कारण, माझा नवरा. यंदा त्याच्या कंपनीत लोक कमी केले आणि त्यात तो गेला. नवीन नोकरीची बोलणी चालू आहेत, पण पगार निम्मा. मी काम करते, तरी अल मजाजचा हा फ्लॅट त्यात बसत नाही. त्यावर नवऱ्याने एकट्याने विचार केला. पुरुषांना अशा वेळी एकट्याने विचार करायचा झटका का येतो, कोण जाणे. एक दिवस जेवताना तो म्हणाला, तू मुलीला घेऊन पुण्याला माझ्या आईकडे जा, मी बेड स्पेस बघतो, कुणाच्या तरी खोलीत एक खाट भाड्याने, दोनेक वर्षांचा प्रश्न आहे. खलास. एवढं बोलून तो फोनमध्ये शिरला, तो बाहेर येईचना.

त्याच आठवड्यात मला टायरवाले दिसले. मालिका आता ऑनलाइन आली आहे आणि लोक म्हणे पुन्हा वेड्यासारखी बघताहेत. ऑफिसात कुणी नायजेरियन, कुणी फिलिपिनो, सगळे तिच्याबद्दल बोलतात. नोकऱ्या जाताहेत, भाडी वाढताहेत, आणि माणसं घरी येऊन पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सोफ्यासमोर बसताहेत. मी पहिल्यांदा ती आवाजासकट लावली. चपलांच्या स्टँडपाशी बसून जे ऐकता आलं नाही ते आता ऐकणार होते.

आईचा भाग आधी शोधला. तो भाग मुळात कोंबड्याबद्दल आहे. हॅटवाल्या आजीने फ्लॅटमध्ये कोंबडा आणून ठेवलाय आणि तो काढायचा की नाही यावर नवरा-बायको वाद घालताहेत. बाबा ज्या ठिकाणी लाजेबद्दल बोलले तिथे टायरवाला विचारतोय, तो पहाटे आरवतो तेव्हा मी काय करायचं? माझ्या बापाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य एका कोंबड्याच्या जागेवर बसलेलं निघालं. मी सोफ्यावर लोळून हसले.

मग डब्याचा भाग लावला, काकांचा. आणि माझं हसू थांबलं. चाचांनी त्यात खरोखरच एक शब्द पदरचा घातला नव्हता. युनिफॉर्म, बाग, डबा, आज किती टायर बसवले, आज जरा जास्तच होते. सगळं तसंच, वाक्याला वाक्य. चाचांना उत्तम इंग्रजी येत होतं. बाकीच्या भागांत ते आमचं घर त्यांच्या घरात कोंबत होते, पण या एका भागात त्यांनी काहीच केलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं, आणि ते तरी थेट चौथ्या मजल्यावर जाऊन बसलं. अख्ख्या बिल्डिंगने त्यांना खोटारडं ठरवलं होतं. मला त्यांना भेटायचंच होतं.

चाचा आता अजमानला मुलीकडे असतात. चाची गेल्या. दुकान बंद झालं, आता सगळं मोबाइलवरच होतं. दाढीला मेंदी लावायचे, ती तेवढी अजून आहे. कवळी बसवली आहे, पण ती वाटीत असते, कारण चाचांच्या मते हे दात त्यांना चुकीचं बोलायला लावतात. दात नसताना ते काय बोलतात ते मुलीलाही कळत नाही. मी त्यांना सांगितलं की मी मालिका आवाजासकट बघितली. त्यांनी वाटीतून कवळी काढून बसवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मग? कसा आहे कोंबडा?"

मी म्हटलं, चाचा, डब्याच्या भागात तुम्ही खरं बोलत होतात. तुमच्यावर उगीच आळ आला.

"गो, ते लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरातलं लिहिलं होतं," ते म्हणाले. "त्यात मी काय घालणार?" मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं की नवरा बोलतो का. मी नाही म्हटलं. शुक्रवारी घेऊन ये, असं सांगून त्यांनी कवळी पुन्हा वाटीत टाकली.

नवरा यायला तयार नव्हता. एका म्हाताऱ्याकडे बसून जुनी मालिका बघायची, तीही म्यूट, यात काय पॉइंट आहे, असं त्याचं म्हणणं. मुलगी दहा वर्षांची, ती तर इंग्रजीत म्हणाली की हे फार क्रिंज आहे. तरी मी दोघांना गाडीत घातलं. मनात माझी तयारी झाली होती. वाटेत सिग्नलला मी ओठातल्या ओठात म्हणूनही बघितलं: मला विचारलं होतंस का? आईचंच वाक्य, चांगलं चाललेलं, पुन्हा वापरायला हरकत नव्हती.

चाचांनी भाग लावला, आवाज बंद केला आणि अंगठा बटणावर ठेवला. मग ते दाताविना बोलायला लागले. काही म्हणजे काही कळत नव्हतं. नुसती हवा आणि थुंकी. थोड्या वेळाने त्यांनी तेही थांबवलं. पडद्यावर सगळं कुटुंब सोफ्यावर होतं, ओठ हलत होते आणि खोलीत शांतता. माझ्या नवऱ्याने फोन खिशात ठेवला. मी टायरवाल्याच्या बायकोने तोंड उघडायची वाट बघत होते.

पण तोंड उघडलं टायरवाल्यांच्या धाकट्या मुलीने. आणि खाली गालिच्यावर बसलेली माझी मुलगी, टीव्हीवरची नजर न काढता, म्हणाली,

"नोबडी आस्क्ड मी."

माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. खरं होतं ते. त्याने मला विचारलं नव्हतं म्हणून मी आठवडाभर धुमसत होते, आणि मी तरी तिला कुठे विचारलं होतं? आणि तेव्हा, त्या हॉलमध्ये, चपलांच्या स्टँडपाशी बसलेल्या मला तरी कुणी विचारलं होतं? चाचांनी अंगठा दाबला नाही. दोन-तीन हशे त्यांनी तसेच मुके जाऊ दिले. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच.

नवरा सोफ्यावरून उतरला आणि तिच्या शेजारी गालिच्यावर बसला. त्यानेही टीव्हीकडेच बघितलं.

"बरं, आता विचारतो," तो म्हणाला. "पुण्याला आजीकडे मोठं घर आहे, पण मी नसेन. इथे अजमानला एकच खोली मिळेल, पण तिघं असू. सांग, काय करायचं?"

मुलीने विचार केला. पडद्यावरची धाकटीही विचार करत असल्यासारखी दिसत होती.

"त्या रूममध्ये," ती सावकाश, चक्क मराठीत म्हणाली, "वायफाय असेल?"

चाचांचा अंगठा दाबला गेला. हशा बरोबर वेळेवर आला. सगळ्यात मोठ्याने माझा नवरा हसला.